फॉरवर्डिंगचं सॉफ्टवेअर घेतलं म्हणजे माल 'सुरक्षित' झाला का?

जळगाव_फॉरवर्डर (धागाकर्ता)
एमआयडीसीतले मशीनचे सुटे भाग, हंगामात भेंडी-मिरची, असा दुसऱ्यांचा माल आम्ही मुंबईच्या सहार विमानतळावरून विमानाने परदेशी पाठवून देतो, हेच फॉरवर्डिंग. (केळी बोटीने जातात, तो विषय वेगळा.) परवा मालाची कागदपत्रं बनवायची सिस्टीम विकणारा एक सॉफ्टवेअरवाला सांगून गेला, "आमची सिस्टीम घ्या, सिक्युरिटी कम्प्लायन्सची, म्हणजे सुरक्षेचे नियम पाळायची, चिंताच सोडा."

मला हे पटत नाही. माल एक्स-रेतून काढायचा, शंका आली तर पेटी उघडायची, स्फोटकांचे कण तपासायचे, हे सगळं मुंबईत होतं. एअरलाइन करते नाहीतर बीसीएएसची (विमान सुरक्षेचं सरकारी खातं) मान्यता असलेला रेग्युलेटेड एजंट, म्हणजे माल तपासायची परवानगी असलेली कंपनी. मग मालाच्या सुरक्षेच्या डिक्लेरेशनवर 'एसपीएक्स' हा शेरा पडतो, म्हणजे माल प्रवासी विमानातही चालतो. यातलं एक तरी काम आमच्या ऑफिसातला कॉम्प्युटर करतो का? जबाबदारी सही करणाऱ्याची. मग दरवर्षी फी कशाची भरायची?

डॉक्युमेंटेशनवाली
तपासणी मुंबईत होते, कबूल. पण कागद कुठे बिघडतो? तुमच्याच टेबलावर. युरोपच्या हवाई मालाची आगाऊ माहिती, माल विमानात चढायच्या आत तिकडच्या कस्टम्सला द्यावी लागते. मार्च २०२३ पासून हे साध्या कार्गोलाही लागू आहे. नुसतं 'पार्ट्स' लिहून भागत नाही, सहा आकडी एचएस कोड, म्हणजे माल कोणत्या प्रकारचा ते सांगणारा कस्टम्सचा आंतरराष्ट्रीय नंबर, लागतो. धोका वाटला तर 'चढवू नका' असा निरोप येतो आणि माल सहारलाच पडून राहतो.

पॅकिंग लिस्ट येते व्हॉट्सअॅपवर, तीही तिरप्या फोटोत. त्यावरून रात्री एअरवे बिल (हवाई मालाची पावती) टाइप करून बघा. त्या बिलाच्या नंबरचे पहिले तीन आकडे एअरलाइनचे, पुढचे सात अनुक्रमांक, आणि अकरावा म्हणजे त्या सात आकडी संख्येला ७ ने भागून उरलेली बाकी. एखादा आकडा चुकला तर सिस्टीम बहुतेक वेळा तिथंच अडवते. एक्सेल काय अडवणार, डोंबल?

भुसावळ_ट्रान्सपोर्ट
काय भो, दोघंही ऑफिसातूनच बोलताय! धुळे-नाशिक करत गाडी जाते, कसाऱ्याला ड्रायव्हर चहाला थांबतो. तेवढ्यात ताडपत्रीची दोरी कोणी सोडली, तर तुमच्या स्क्रीनवर दिसेल?

जळगाव_फॉरवर्डर
आमचा माल गाडी पोचल्यावरच तपासतात भाऊ, त्यामुळे तो प्रश्न आम्हाला येत नाही. ज्या कारखान्याला नोन कन्सायनरची, म्हणजे भरवशाचा माल पाठवणारा म्हणून, मान्यता आहे, त्याचा माल मात्र तिथूनच 'सुरक्षित' धरतात. तिथं सील तुटलं की साखळी तुटली, माल पुन्हा तपासणीला. त्यांनी सील नंबर सिस्टीममध्ये ठेवावा, जरूर ठेवावा. माझं म्हणणं छोट्या ऑफिसापुरतं आहे.

डॉक्युमेंटेशनवाली
छोट्या ऑफिसालाही नंबर किती कामाचा, ते बघा मग. ऑक्टोबर २०१० मध्ये येमेनहून निघालेल्या पार्सलांत प्रिंटरच्या कार्ट्रिजमध्ये बॉम्ब लपवले होते. इंग्लंडच्या ईस्ट मिडलँड्स विमानतळावर पहिल्या झडतीत काही सापडलं नाही. तरी पार्सल बाजूला काढलं होतं, कारण सौदी गुप्तचरांनी ट्रॅकिंग नंबर कळवले होते. मशीनला जे दिसलं नाही ते नंबरामुळे हाती लागलं. आणि नंबर सांभाळणं हेच तर सॉफ्टवेअरचं काम.

जळगाव_फॉरवर्डर
उदाहरण चांगलं आहे, पण ते माझ्याच बाजूचं. नंबर कोणी दिला? माणसाने. पार्सल येमेनमधून निघालं तेव्हा त्याचे कागद तर ठीकच होते! सॉफ्टवेअर तुम्ही भरलेलं सांभाळतं. खोटं भरलं तर खोटं सांभाळेल, तेही नीटनेटकं. एक्सेलच्या दहापट भरवशाने.

एमआयडीसी_कारखानदार
आम्ही मालवाले मध्येच बोलतो. सॉफ्टवेअरची फी शेवटी आमच्याच बिलात येणार ना, 'डॉक्युमेंटेशन चार्जेस' म्हणून? आम्हाला एवढंच सांगा, माल अडला तर किती वेळात कळेल. मागे आमच्या पेट्या तपासणीत थांबल्या आणि कळलं दुसऱ्या दिवशी दुपारी, तेही गिऱ्हाइकाकडून. (फॉरवर्डर कोण ते विचारू नका.) ते तासाभरात कळत असेल तर मी फी देतो. नुसतं एसपीएक्स छान छापून येणार असेल, तर नको.

जळगाव_फॉरवर्डर
हा प्रश्न मात्र डेमोत विचारतो. आणखी एक विचारणार आहे: तपासणीची वेळ नंतर मागची टाकता येते का? येत असेल, तर ते सॉफ्टवेअर फुकट दिलं तरी नको.

डॉक्युमेंटेशनवाली
आणि बदल कोणी केला ते नावानिशी दिसतं का, तेही विचारा. दिसत असेल तर घ्या. पण एकाच लॉगिनवर सगळं ऑफिस चालवणार असाल, तर तुमचीच बाजू खरी ठरेल.