मदत हवी आहे: कोंबडीचे पाय, माना आणि सापळ्याचा स्टॉक गढूळ होतो, थिजतही नाही

पातेलंभर
नमस्कार मंडळी,
अख्खी कोंबडी आणली की तंगड्या आणि छाती काढून घेतल्यावर मान, पाठ, पंखांची टोकं आणि पाय उरतात. ते टाकून द्यायला जीव होत नाही, म्हणून फ्रीजरमध्ये पिशवीत साठवते आणि पिशवी भरली की स्टॉक, म्हणजे हाडं उकळून काढलेलं पाणी, लावते.

पद्धत साधी आहे. मोठ्या पातेल्यात सगळं गोठलेलंच घालायचं, वर चार बोटं पाणी, कांदा, गाजर, मिरी, तमालपत्र. मोठ्या आचेवर उकळी आणून मग झाकण ठेवून मध्यम आचेवर तीनेक तास. चव ठीक येते, पण रंग अगदी तांदळाच्या धुवणासारखा. शिवाय फ्रीजमध्ये ठेवल्यावर वर चरबीचा थर येतो आणि खाली नुसतं पाणीच राहतं. लोकांचा स्टॉक म्हणे चमच्याने कापता येतो! वासही जरा उग्र येतो, त्यामुळे घरात नाकं मुरडली जातात.

पाय सोलायचे असतात का? व्हिनेगर घातल्याने हाडांतलं कॅल्शियम उतरतं हे खरं का? कुकरमध्ये लावला तर चालेल का? जाणकारांनी कृपया सांगा.

मंदआच
गढूळपणाचं कारण तुमच्या पद्धतीतच दिसतंय: झाकण आणि मध्यम आच. पाणी खळखळलं की चरबीचे बारीक थेंब आणि प्रथिनांचे कण पाण्यात घुसळले जातात, मग कितीही गाळा, ते वेगळे होत नाहीत. पाणी नुसतं थरथरत राहिलं पाहिजे, मधूनच एखादा बुडबुडा. तापमानात सांगायचं तर 85 ते 95 अंश. पूर्ण झाकण असलं की आच बारीक असूनही आत उकळी फुटते, म्हणून ते तिरकं ठेवा.

त्याआधी तुकडे फ्रीजमध्ये ठेवून वितळू द्या. मग गार पाण्यात घालून एक उकळी आणा, पाचेक मिनिटं ठेवा आणि ते पाणी चक्क ओतून द्या. करड्या रंगाची जी मळी वर येते ती बरीचशी तिथेच जाते. त्यानंतर हाडं आणि पातेलं दोन्ही धुऊन नव्या पाण्यात सुरुवात करायची. चव वाया जाते म्हणून काही जण हे करत नाहीत. मला ती भीती फुकटची वाटते, एवढ्या वेळात हाडांतून फारसं काही उतरत नाही. धुणं मात्र या उकळीनंतरच. कच्चे तुकडे नळाखाली धरले की जंतूंचे शिंतोडे सगळ्या ओट्यावर उडतात.

थिजण्याचं म्हणाल तर तुमचं पाणी जास्त होतंय. किलोभर हाडांना जास्तीत जास्त दोन लिटर, म्हणजे तुकडे जेमतेम बुडतील इतकंच. थिजवणारं जिलेटिन येतं कोलॅजेन या प्रथिनापासून, आणि कोलॅजेन असतं कातडीत, स्नायूबंधांत, कूर्चेत (मऊ, कुरकुरीत हाडात). पायात मांस जवळपास नाहीच, बाकी हेच सगळं. पिशवीत तिसरा हिस्सा पाय असू द्या आणि चार-पाच तास द्या. भाज्या शेवटच्या तासाला. तरी नाही थिजला तर गाळून, चरबी काढून आटवा, फक्त हाडांसकट आटवू नका.

सुरीला धार
वासाचं मी सांगतो, कारण त्याकडे कुणी बघत नाही. पाठीचा तुकडा आतून वर करून धरा. फासळ्यांच्या खाचांत मऊ गुलाबी तुकडे रुतलेले दिसतील, ती फुप्फुसं. त्याखाली कमरेच्या हाडाच्या खळग्यात गडद लाल गोळे असतात, ती मूत्रपिंडं. दोन्ही अंगठ्याने किंवा चमच्याच्या टोकाने खरवडून काढा. मग शेपटाचं टोक. त्याच्या वरच्या अंगाला कातडीखाली पिवळसर तैलग्रंथी असते, पक्षी तिच्यातलं तेल चोचीने पिसांना लावतो. ती राहिली तर वास हमखास. मी शेपूट मुळापासूनच उडवतो.

पाय: आधी बघा, ते पांढरे, गुळगुळीत असतील तर सोलूनच आलेत. वर पिवळी खवल्यांची साल असेल तर उकळत्या पाण्यात 20-30 सेकंद बुडवा आणि लगेच गार पाण्यात टाका. घोट्याकडून धरून बोटांच्या दिशेने ओढली की साल सुटते. जास्त वेळ ठेवलात तर खालची कातडीही सोबत फाटते, आणि तीच तर आपल्याला हवी आहे. नखं शेवटच्या सांध्यावर छाटा. तळव्यावर काळपट कडक चट्टा असेल तर तोही कोरून काढा.

शिट्टी नको
कुकर बिनधास्त वापरा. आत तापमान 120 अंशांच्या आसपास जातं, त्यामुळे तासाभरात काम होतं. फक्त शिट्ट्या मोजायच्या भानगडीत पडू नका. पूर्ण दाब आला की आच इतकी बारीक करा की शिट्टी होणारच नाही, आणि नंतर वाफ आपोआप जिरू द्या. दाब स्थिर असला की आत पाणी खळखळत नाही, म्हणून स्टॉक चांगला नितळ निघतो. घाईने वाफ सोडलीत की आत एकदम उकळी फुटते आणि सगळं मुसळ केरात.

मंदआच
कुकरला हरकत नाही, पण दोन-अडीच तास लावून ठेवू नका. जास्त उष्णतेत जिलेटिनचेच तुकडे पडतात आणि थिजणं उलट सैल होतं.

व्हिनेगर: चमचाभराने कॅल्शियममध्ये सांगण्यासारखा फरक पडत नाही आणि जास्त घातलं तर आंबट लागतं. गुडघ्यांसाठी रामबाण वगैरे जे फिरतं तेही सोडून द्या. जिलेटिन इतर प्रथिनांसारखंच पचतं, आणि त्यात ट्रिप्टोफॅन हे शरीराला लागणारं अमिनो आम्ल नसल्याने ते एकटं पूर्ण प्रथिनही नाही. चवीसाठी आणि दाटपणासाठी करा, तेवढं कारण पुरेसं आहे.

थंड डोक्याने
एक गोष्ट सगळ्यांकडून राहिली. मोठं पातेलं रात्रभर ओट्यावर निवत ठेवू नका. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्ससारख्या जंतूंचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत आणि कोमट स्टॉकमध्ये भराभर वाढतात. नियम असा: 60 अंशांवरून 21 वर दोन तासांत, तिथून 5 वर पुढच्या चार तासांत. गाळून पातेलं सिंकमध्ये बर्फाच्या पाण्यात ठेवा, ढवळत राहा, मग उथळ डब्यांत भरून फ्रीजमध्ये. तिथे तीन-चार दिवस टिकतो, उरलेला गोठवा. वापरताना पुन्हा खळखळून उकळायचा.

पातेलंभर
बाप रे, खजिनाच मिळाला! पाठीतले ते लाल गोळे आजवर हाडाचाच भाग समजत होते. पिशवी फ्रीजमध्ये वितळायला काढली आहे. अजून दोन शंका: त्याच पिशवीत कलेजी, पेटा आणि हृदयही आहे, ते घालू का? आणि मीठ कधी?

सुरीला धार
हृदय आणि पेटा घाला. पेट्याच्या आतलं पिवळं जाड अस्तर सोललेलं आहे ना ते पाहून घ्या. कलेजी अजिबात नको, कडवटपणा येतो आणि सगळं गढूळ होतं. ती वेगळी परता. मीठ स्टॉकमध्ये घालूच नका, ज्या पदार्थात वापराल तिथे घाला. आटवायची वेळ आली तर खारट होऊन बसेल.