मदत हवी आहे : डंपच्या पायथ्याची गाळतळी खोल करावी की मोठी?

नमस्कार. मी गोव्यात डिचोली तालुक्यातील एका लोहखनिज खाणीवर कनिष्ठ अभियंता आहे. खाणीच्या एका अंगाला टाकाऊ मातीचा जुना डंप असून त्याच्या पायथ्याशी जांभ्या दगडाची संरक्षक भिंत, भिंतीलगत गार्लंड ड्रेन (डंपचे पाणी गोळा करणारा चर), आणि त्या चराच्या शेवटी ४० मीटर लांब, २० मीटर रुंद व २ मीटर खोल अशी एक गाळतळी आहे. तळीतून सांडलेले पाणी व्हाळातून (ओढ्यातून) खालच्या सरद, म्हणजे पावसाळी भाताच्या, शेतीकडे जाते. गेल्या पावसाळ्यात जोराची सर आली की सांडव्यावरून लाल पाणीच वाहत असे आणि शेवटी दोन खाचरांत भाताच्या रोपांवर मातीचा थर बसला. शेतकऱ्यांची तक्रार रास्त आहे, हे आधीच मान्य करतो.

चरात येणारे पाणलोट क्षेत्र ६ हेक्टर आहे. त्यापैकी साडेतीन हेक्टर म्हणजे डंपच्या वरचा झाडीचा उतार आणि उरलेला भाग म्हणजे प्रत्यक्ष डंप. तासाला ८० मिलिमीटर पाऊस आणि ०.६ हा अपवाह गुणांक (पडलेल्या पावसापैकी वाहून येणारा हिस्सा) धरला, तर चरात सेकंदाला साधारण ०.८ घनमीटर पाणी येते. सांडव्यावरच्या पाण्यात निलंबित घनपदार्थ (पाण्यात न विरघळता तरंगत राहणारे मातीचे कण) प्रति लिटर १०० मिलिग्रॅमच्या आत असावेत, ही मर्यादा मला माहीत आहे आणि ती आम्ही पाळू शकलो नाही. एक्स्कॅव्हेटर जागेवरच असल्याने तळी ४ मीटर खोल करावी, असे वरिष्ठांचे मत आहे. त्याने पाणी निवळेल का? पावसाला जेमतेम सात आठवडे उरले आहेत, म्हणून जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रतिसाद

आपण आकडे दिलेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. खोली वाढवून या अडचणीत फारसा फरक पडणार नाही. आज तळी रिकामी असताना ०.८ घनमीटरच्या प्रवाहाला तिच्यातून पार होण्यास सुमारे ३३ मिनिटे लागतात. ती ४ मीटर खोल केली तर हा वेळ दुप्पट होईल हे खरे, पण मातीच्या कणाला तळाशी पोहोचण्यासाठी अंतरही दुप्पट कापावे लागेल. १० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण सेकंदाला जेमतेम ०.०९ मिलिमीटर खाली जातो, म्हणजे २ मीटर उतरायला त्याला सहा तासांहून अधिक वेळ हवा. कोणता कण अडेल हे ठरते ते येणारा प्रवाह भागिले तळीच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ या हिशेबाने; या भागाकारातून जो वेग निघतो, त्याहून जलद खाली बसणारा कण अडतो. आपल्या ८०० चौरस मीटरांत, सारे काही आदर्श असले तरी, ३३ मायक्रॉनपर्यंतचेच कण अडतात. त्याहून बारीक माती थेट शेतात जाते. खोलीचा उपयोग साठलेला गाळ ठेवायला आणि तो पुन्हा ढवळला जाऊ नये यासाठी होतो, तेव्हा २ मीटर पुरेत. मात्र पावसाळ्यापूर्वी तळी पूर्ण उपसावी आणि पावसाळ्यात एकतृतीयांश भरली की पुन्हा उपसावी. उपसलेला गाळ डंपच्या कडेवर टाकू नये. हे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते.

माझ्या मते तळीच्या आधी झाडीच्या उताराचे पाणी पाहावे. ते मुळात स्वच्छ आहे आणि आपण ते मातीच्या पाण्यात मिसळून त्याला विनाकारण तळीत आणत आहात. डंपच्या वरच्या बाजूला वेगळा चर खणून ते थेट व्हाळात सोडले, तर तळीकडे येणारा प्रवाह सेकंदाला सुमारे ०.३३ घनमीटरवर येईल आणि तीच तळी, एक फावडेही न मारता, २२ मायक्रॉनपर्यंतचे कण अडवू लागेल. नव्या चराचे पाणी जिथे व्हाळात पडते तिथे मात्र दगडी पिचिंग (काठावर दगडांचे अस्तर) हवेच, नाहीतर काठ खचून नवीनच माती शेतात जाईल.

डंपवरच्या बाकड्यांचा (पायऱ्यांसारख्या सपाट टप्प्यांचा) उतार आतल्या बाजूला द्यावा, म्हणजे पाणी डंपच्या तोंडावरून कोसळत नाही. गार्लंड ड्रेनमध्ये ठरावीक अंतरावर रचीव दगडाचे छोटे बांध घालावेत. उघड्या उतारावर काथ्याचे जाळे अंथरून पहिल्या सरीनंतर वाळा लावावा. त्याचा खरा परिणाम पुढच्या वर्षी दिसेल, यंदा फक्त जाळ्यावर भिस्त ठेवावी.

धागाकर्ता

मनापासून आभार. वरच्या चराची आखणी आजच पाहिली. एका ठिकाणी कठीण जांभा लागतो, पण मार्ग निघेल. एक शंका उरते : तळीचे प्रवेशद्वार आणि सांडवा एकाच कोपऱ्याजवळ आहेत. आणि २२ मायक्रॉनहून बारीक, चिकणमातीचे पाणी निवळण्यासाठी तुरटी वापरावी का?

प्रतिसाद

सांडवा समोरच्या टोकाला न्यावा; ते जमत नसेल तर मध्ये आडभिंती घालून पाण्याला लांबचा वळसा घ्यायला लावावा, कारण सध्या बरेचसे पाणी तळीत न थांबताच बाहेर पडत असणार आणि वरचा ३३ मायक्रॉनचा हिशेबही त्यामुळे फोल ठरतो. तुरटी उपयोगी पडते, पण अंदाजाने टाकू नये. गढूळ पाण्याच्या पाच-सहा बरण्या भरून प्रत्येकीत वेगळी मात्रा घालावी, ढवळून अर्धा तास ठेवावे आणि सर्वांत कमी मात्रेत निवळणारी बरणी निवडावी. तुरटीने पाणी आम्लधर्मी होते, म्हणून प्रत्येक बरणीचा सामू (पीएच) मोजावा आणि तो साडेसहाच्या खाली गेला तर थोडा चुना द्यावा. हे पाणी शेवटी भातात जाणार आहे.