शाळेच्या समितीत मुंबई मंडळाला जागा द्यायची का?

पागोळी:
गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीकाठी. जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते सातवी, पट ४१. शाळा व्यवस्थापन समितीची दोन वर्षं संपली, आता नवीन समिती बसवायचीय आणि मुंबई मंडळाचं, म्हणजे गावच्या मुंबईत राहणाऱ्या लोकांच्या मंडळाचं, पत्र आलंय की आमची दोन माणसं घ्या आणि त्यातला एक अध्यक्ष करा. कारण २०२० च्या निसर्ग वादळात छप्पर उडालं तेव्हा पत्रे मंडळाने दिले. दिले, खरंच दिले, माझा मोठा तेव्हा दुसरीत होता, ते मी विसरणार नाही. पण म्हणून समिती त्यांची होते का? माझ्या मते नाही.
शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २१ वाचा. समितीत पाऊण माणसं पालक, निम्म्या बायका, आणि वंचित घरातल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या संख्येच्या प्रमाणात जागा. गावात याबद्दल बोललं की लोक म्हणतात बायकांना काय कळतं त्यातलं.
मी मागच्या समितीत होते. दोन वर्षांत मीटिंगला तीनदा गेले असेन, बाकीच्या सह्या घरी झाल्या. सातवीतला एक मुलगा इतिवृत्ताची वही घेऊन यायचा, मी ओले काजूगर सोलत बसलेली, बोटं चिकाने काळी, पदराला हात पुसायचा आणि तो बोट ठेवेल तिथे सही करायची. एकदा वर काय लिहिलंय ते वाचलं तर बाहेरच्या भिंतींच्या रंगकामाचा खर्च, ‘सर्वानुमते मंजूर’. त्याच महिन्यात मुलींच्या संडासात पाणी नव्हतं. माझी धाकटी शाळेत पाणीच प्यायची नाही, बाटली भरलेली न्यायची ती भरलेलीच परत आणायची, मला वाटायचं विसरते. मी मीटिंगला असते तर रंगाच्या आधी टाकीचं बोलले असते. म्हणून मला वाटतं की ज्याचं मूल रोज त्या शाळेत जातं त्यानेच तिथे बसावं.

लालबागचा_चाकरमानी:
ताई, मी त्याच प्रकारच्या एका मंडळात आहे, तुमच्या नाही, शेजारच्या तालुक्यातल्या. राग मानू नका पण एक बाजू सांगतो. जून २०२० ला मुंबईत लॉकडाऊन, आमच्यातल्या निम्म्यांचा पगार बंद, तरी खोलीखोलीत फिरून पाचशे पाचशे गोळा केले आणि ट्रक भरून पत्रे पाठवले कारण आम्ही पण त्याच शाळेत मुळाक्षरं गिरवलीत. त्याच्या आधी दोन कॉम्प्युटर दिले होते. गणपतीला गावी गेलो तेव्हा बघितलं तर दोन्ही खोक्यातच, वर उंदराने कुरतडलेलं, का तर वर्गात प्लगच नाही म्हणे. एक प्लग! समितीत १६ माणसं होती त्यातल्या एकाने विचारलं नाही. आता सांगा, पैसे देणाऱ्याने हिशोब विचारला तर त्यात वाईट काय, आणि हिशोब विचारायचा तर मत नको का? नुसतं पाहुणा म्हणून बसवून चहा पाजणार आणि आम्ही गाडी पकडली की परत तेच.

खडूफळा:
सिंधुदुर्गात शिक्षक आहे, दोन शिक्षकी शाळा, मुख्याध्यापकाचा चार्ज माझ्याकडेच म्हणजे समितीचा सचिवही मीच. आधी नियम सांगतो म्हणजे निम्मा वाद मिटेल. अध्यक्ष पालकांमधूनच निवडायचा असतो, त्यामुळे ज्याचं मूल शाळेत नाही तो अध्यक्ष होऊच शकत नाही, मंडळाने कितीही पत्रे देऊ देत. १६ ची समिती असेल तर १२ पालक, उरलेल्या चारांत ग्रामपंचायतीचा सदस्य, शिक्षक आणि स्थानिक शिक्षणतज्ज्ञ. मुंबईवाल्यांना वाट असलीच तर त्या शिक्षणतज्ज्ञाच्या जागेतून, पण तिथेही ‘स्थानिक’ शब्द आहे.
आता माझं मत, आणि ते पागोळीताईंच्या विरोधात आहे. घरी वही पाठवणारा शिक्षक मीच आहे. दर महिन्याला सभा घ्यायची, अकरा वाजता बोलावलं तर चार माणसं येतात कारण बाकीचे मजुरीवर, आणि सभा झाली नाही तर वरून विचारणा मला होते, पालकांना नाही. १२ पालक कागदावर असतात, शाळेत दोन असतात. त्यापेक्षा पालक कमी चालतील पण एखादा निवृत्त शिक्षक, एखादा बँकेतला माणूस असा बसवा की जो अनुदानाचा कागद वाचू शकेल. पट ३१ ते १०० असेल तर समग्र शिक्षा या सरकारी योजनेचे वर्षाला २५,००० रुपये मिळतात, त्यात खडूपासून वीजबिलापर्यंत सगळं. रंगकाम का केलं विचारता, पण तपासणीला येणाऱ्याला आधी भिंत दिसते हो, टाकी नंतर.

पागोळी:
सर, तुम्ही खरं बोललात म्हणून बरं वाटलं. पण तुमचं शेवटचं वाक्य परत वाचा. तपासणीला येणारा भिंत बघतो म्हणून भिंत रंगली, मग टाकी बघणारा कोण? तोच तर समितीत हवा ना! आणि कागद वाचणारा हवाय तर एक दिवस बसून कागद वाचायला शिकवा, आमच्या बचत गटात सातवी शिकलेल्या बायका बँकेची पासबुकं सांभाळतात, हजाराचा फरक असेल तर झोपत नाहीत.

खाडीवरचो_झील:
आमच्याकडे अध्यक्ष सरपंचाचो भाव. तेचो झील इंग्लिश मिडियमात जाता, गाडी येता घराकडे. भाचीचो पालक म्हणान नाव लावल्यान. आता सांगा, ह्या शाळेचा छप्पर गळला काय नि उडला काय, तेका काय पडला?

वाडीशेवट:
मुंबईकर की गावकर यावर भांडताय सगळे पण पालक म्हणजे कुठले पालक ते कोणी बोलत नाही. आमची बौद्धवाडी गावाच्या शेवटाला. शाळेतली ४० टक्के मुलं आमची, कारण बाकी वाड्यांतली मुलं व्हॅनने जातात. पण समितीची नावं ठरतात देवळाच्या सभामंडपात, गावकीच्या बैठकीत, तिथे आम्हाला बोलावणं नसतं, आणि नंतर पालकसभेत ती यादी वाचून दाखवतात, कोणाची हरकत आहे का, नाही, झालं. मागच्या वेळी मी उभा राहिलो, म्हटलं प्रमाणात जागा द्यायला कायदा सांगतो, तर उत्तर मिळालं की एक नाव घेतलंय ना तुमचं. त्या एका नावाची बाई त्या दिवशी आंबा कॅनिंगला गेली होती, तिला माहीतही नव्हतं.
आणि अजून एक. आमच्या पटावर सहा मुलं आंब्याच्या बागेत राखणीला असलेल्या नेपाळी माणसांची आहेत. मुलं मराठी आमच्या पोरांसारखी बोलतात, कविता पाठ म्हणतात. त्यांचे आईबाप पालक नाहीत का? पट टिकवायला ती मुलं चालतात, मग समितीत त्यांची आई का चालत नाही?
निवड शाळेच्या अंगणात, वर्गवार, हात वर करून घ्या. प्रत्येक वर्गाचा निदान एक पालक. देवळात नाही.

जुना_केंद्रप्रमुख:
३४ वर्षं खात्यात काढली. वाडीशेवट यांचा मुद्दा शंभर टक्के बरोबर, मी असताना दोन ठिकाणी निवड परत घ्यायला लावली होती, गावाने मला जेवायला विचारणं बंद केलं ते वेगळं. पण सगळंच पालकांवर सोडा म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. शाळा विकास आराखडा तीन वर्षांचा असतो आणि समिती दोन वर्षांची. सातवी झाली की मूल हायस्कूलला, पालक समितीतून बाहेर, आराखडा अर्धवट, नवीन माणसं पहिल्या पानापासून सुरुवात करतात. शाळेची जमीन कोणी दिली, विहिरीचा वाद काय होता, हे सांगणारं कोणीतरी तिथे सतत असायला हवं.
शिवाय पट घसरतोय. २०२३ मध्ये कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचं निघालं तेव्हा पत्रं लिहायला, मंत्रालयात जाऊन बसायला कोण होतं? मुंबईतली माणसंच. पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी असं नियमात आहे, पण नकाशावरचा एक किलोमीटर आणि जुलैमधला वहाळ ओलांडून जायचा एक किलोमीटर वेगळा, हे मंत्रालयात समजावून सांगायला तिथे पोचलेला माणूस लागतो. त्याला दारात उभं करू नका.

लालबागचा_चाकरमानी:
केंद्रप्रमुख साहेबांचे आभार. अध्यक्षपदाचं मी सोडतो, नियमच तसा आहे तर वाद नाही, आमच्या मंडळातही सांगेन. पण आम्ही दिलेल्या वस्तूचा हिशोब वर्षातून एकदा लेखी मिळाला पाहिजे, एवढं तरी धरून ठेवणार.

पागोळी:
दादा, हिशोब मिळायलाच हवा आणि नुसता तुम्हाला नाही, शाळेच्या फळ्यावर लिहावा, येणारा जाणारा वाचेल. मंडळाचा एक माणूस कायम निमंत्रित म्हणून यावा, बोलावा, हवं तर भांडावं, मत मात्र पालकांचं. केंद्रप्रमुख साहेब म्हणतात ते जुनं सांगणारं माणूस पण त्यातूनच मिळेल. आणि वाडीशेवट, वर्गवार निवडीचं मी पालकसभेत मांडते, तुमच्या गावात तुम्ही मांडा. नेपाळी मुलं आमच्याकडेही आहेत, दोन, त्यांच्या आईचा विचार मला खरंच सुचला नव्हता.
आता वेळ. जून जुलै मासेमारी बंद, होड्या किनाऱ्याला, म्हणजे कोळीवाड्यातले बाप घरी असतात. पण लावणी सुरू झाली की आमच्या बायका दिवसभर चिखलात. म्हणून संध्याकाळी सातला सभा घ्या असं सुचवणार आहे, जेवणाच्या आधी. सर, तुम्हाला सातला जमेल?

खडूफळा:
मी तालुक्याला राहतो, शेवटची एसटी साडेसहाची. पण महिन्यातून एकदा गावात मुक्काम करीन, त्याला हरकत नाही. फक्त वीज गेली तर कंदील कोणीतरी आणा.

काजूबी:
मी पण एका समितीत आहे, पहिल्यांदाच लिहितेय. मला एवढंच विचारायचंय की सही करायच्या आधी वहीत काय लिहिलंय ते मोठ्याने वाचून दाखवा असं मी म्हटलं तर चालतं का? मला अक्षरं लागतात पण सरांचं अक्षर लागत नाही.

खडूफळा:
चालतं. वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका, माझ्यासारखा कोणी वही पाठवली तरी.