फोटोतली ही कोण?

केतकीचं_बन:
परवा महालयाला गुरुजी बाबांकडून नावं वदवून घेत होते. सगळी झाल्यावर त्यांनी विचारलं, "सापत्न कोणी?" बाबा "नाही" म्हणाले आणि मला एकदम माजघरातला फोटो आठवला. पणजोबा खुर्चीत, काळा कोट, पगडी. शेजारच्या खुर्चीत नऊवारीतली एक मुलगी, पंधरा-सोळाची असेल. नाकात नथ, पाय जमिनीला पुरत नाहीयेत. लहानपणी मी तिला पणजी समजायचे. पण पणजीच्या कपाळावर गोंदण होतं, हिच्या कपाळावर नाही. आजीला विचारलं की म्हणायची, "असेल कोणीतरी. तू चहा ठेव." आजीला जाऊन आता सहा वर्षं झाली.
तुमच्या घरी आहेत का असे बिननावाचे लोक? शोध लागला का, कसा? लिहा.

मोडीप्रेमी:
फोटोच्या मागे बघितलंत का? आमच्याकडे मागे मोडीत दोन ओळी होत्या, सगळ्यांना वाटायचं धोब्याचा हिशेब. शिकून वाचलं तर "आश्विन शके १८४०". ७८ मिळवा, १९१८. म्हणजे मानमोडीची, इन्फ्लुएंझाची साथ. फोटोतली झबल्यातली पोर आजोबांची थोरली बहीण निघाली, त्याच महिन्यात गेलेली. आजोबांना बहीण होती हेच आम्हाला माहीत नव्हतं.

चिमणराव२:
मागे बघा, पण जपून. काचेला चिकटलेला असेल तर ओढू नका, काचेसकट स्कॅन करा. आमच्या मामाने ओढला. आजोबांचा चेहरा काचेवर आणि धड पुठ्ठ्यावर.

खडूस_आजोबा:
मग आता हार कशाला घालता, काचेला की पुठ्ठ्याला? 😄

चिमणराव२:
मामाला विचारतो. तो अजून त्या विषयावर बोलत नाही.

माणदेशी:
आमचा फौजी. बारक्या होतो तेव्हापासून दसऱ्याला त्याला हार. सगळे म्हणणार थोरले आबा, पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कुटच्या वेढ्यात होते. मी चुलत्याच्या पेटीतलं चांदीचं पदक काढलं, त्याच्या कडेवर नंबर, नाव, पलटण कोरलेलं असतं. ११० मराठा. पलटण बरोबर, एप्रिल १९१६ ला कुट पडलं तेव्हा ती आतच होती. पण नाव आमच्यातलं नाहीच!! वरच्या आळीतल्या घरचं. आबांचा जोडीदार असणार, परत आला नाही, पदक आणि फोटो आमच्याकडे राहिला. म्हणजे तीन पिढ्या आम्ही शेजाऱ्याला हार घालतोय. त्या घरी सांगायला गेलो तर म्हातारी रडली, मग म्हणाली फोटो तुमच्याकडंच असू दे, आमच्यात भिंतीला ओल आहे.

सुगरण_नाही:
वाचून काटा आला. (महालय म्हटलं की मला फक्त आमसुलाची चटणी आठवते. कोणी पाकृ द्या ना, सासूबाई प्रमाण सांगत नाहीत.)

गोदाकाठ:
त्र्यंबकेश्वर किंवा नाशिकला तीर्थोपाध्यायांकडे जाऊन या. आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की घराण्याच्या नोंदींची वही काढतात. आम्हाला खापरपणजोबांची सही सापडली, बोट ठेवलं आणि काही बोलताच येईना. पण बायकांची नावं असतीलच असं नाही.
चटणी: आमसुलं भिजवायची, गूळ, जिरं, मिरची. प्रमाण कोणीच सांगत नाही.

सवाष्ण:
केतकी, पायात जोडवी दिसतात का? आणि पणजीच्या गळ्यात किंवा देव्हाऱ्यात चांदीचा टाक, म्हणजे पत्र्यावर उठवलेली छोटी प्रतिमा, होता का? आमच्याकडे दुसरेपणावर आलेल्या बाईने पहिलीचा टाक पुजायचा अशी रीत होती. सवतीचा टाक म्हणायचे.

केतकीचं_बन:
थांबा थांबा. देव्हाऱ्यात आहे एक! अंगठ्याच्या नखाएवढा, नाकडोळे पार झिजलेत. खंडोबा आणि देवीचा टाक ताम्हनात एकत्र धुतले जातात, हा आजी वेगळ्या वाटीत धुवायची. मी विचारलं नाही कधी. बाबांना विचारून येते.

खडूस_आजोबा:
मी थांबलोय. चहा ठेवतो.

मोडीप्रेमी:
@माणदेशी, पदकाचा आणि त्या घराचा फोटो टाका ना. आणि भिंतीच्या ओलीवर कायम उपाय कोणाला माहीत असेल तर मलाही हवाय, आमची उत्तरेची भिंत गेली चार वर्षं रडतेय.

माणदेशी:
घराचा नको, त्यांना विचारावं लागेल. ओलीवर उपाय नाही भाऊ, रंगाऱ्याला पोसायचं.

केतकीचं_बन:
बाबांना काही माहीत नाही. मग मोठ्या आत्याला फोन केला, वय ८४. फोटो दिसत नाही म्हणाली, मी वर्णन केलं. पाय पुरत नाहीत म्हटल्यावर लगेच म्हणाली, "ती होय, पहिली. बाळंतपणात गेली." इतकं सहज! मी नाव विचारलं.
"नाव तुझ्या पणजीलाच ठेवलं ना मग."

सवाष्ण:
आमच्याकडेही तेच. कागदावर दोघी एकच.

केतकीचं_बन:
म्हणजे बाबा इतकी वर्षं त्या नावाने पाणी सोडतायत ते नक्की कोणाला पोचतंय, हे आता गुरुजींना विचारणार आहेत. मी टाक वाटीत घेऊन बसलेय.

सुगरण_नाही:
गोदाकाठ, आमसुलं किती वेळ भिजवायची?