लायब्ररीत मॉड्यूल आहे, तरी जॉब एस१०६ ने पडतोय

रात्रपाळी (प्रश्न)

मंडळी, डोकं चालेनासं झालंय. आधी पाच वर्षं कोबोल लिहिलं, सिस्टिम प्रोग्रामिंगमध्ये येऊन आठच महिने झालेत. तेव्हा कच्चा गडी समजून उत्तर द्या.

आमचा आयबीएम मेनफ्रेम, झेड/ओएस. ॲप्लिकेशनची एक लोड लायब्ररी (चालवायच्या प्रोग्रामांची) लिंकलिस्टमध्ये आहे, म्हणजे सिस्टिम सगळ्या जॉबसाठी प्रोग्राम जिथे शोधते त्या लायब्ररींच्या यादीत. साधी पीडीएस, म्हणजे मेंबर नावाच्या अनेक फायली एकत्र ठेवणारा डेटासेट. काल रात्री तिच्यात एका सबरूटीनची नवी आवृत्ती लिंक-एडिट केली (कंपाइल झालेला कोड चालवण्याजोगा करून ठेवला), रिटर्न कोड शून्य. मग कन्सोलवर एलएलए (लायब्ररींच्या डिरेक्टरी मेमरीत ठेवणारा भाग) रिफ्रेश दिला, सीएसव्ही२१०आय आला, निश्चिंत झालो. वीस मिनिटांत बॅचचा पहिला जॉब पडला. ॲबेंड (जॉब मध्येच पडणं) १०६-०एफ, म्हणजेच एस१०६. लॉगमध्ये सीएसव्ही०३१आय, म्हणजे लायब्ररी ॲक्सेस फेल. मॉड्यूल तेच, आणि डीडीनेमच्या (जेसीएलमध्ये, म्हणजे जॉबच्या सूचनांत, फाइलला दिलेल्या नावाच्या) जागी लिंकलिस्टचं नाव.

आता गंमत बघा. तीच लायब्ररी स्टेपलिबमध्ये (जॉबच्या स्वतःच्या जेसीएलमध्ये दिलेल्या लायब्ररींत) घातली की तोच जॉब व्यवस्थित चालतो. ३.४ मधून (डेटासेट बघायचा स्क्रीन) मेंबर दिसतं, ब्राउझही होतं. आणि दुसऱ्या एलपारवर (मशीनचा वेगळा भाग, त्यावर स्वतंत्र सिस्टिम), जिथे तीच डिस्क आणि तीच लायब्ररी लिंकलिस्टमध्ये आहे, तिथे जॉब स्टेपलिबशिवाय पण चालतोय. ०एफ म्हणजे आय/ओ एरर असं मॅन्युअलमध्ये वाचून मी स्टोरेजवाल्यांना झोपेतून उठवलं. त्यांनी डिस्क तपासली, काही नाही. फोन ठेवताना काय म्हणाले ते इथे लिहीत नाही.

सध्या स्टेपलिब घालून बॅच पुढे ढकलली आहे. डंप (पडताना मेमरीत काय होतं त्याची नोंद) आयपीसीएसमध्ये, म्हणजे डंप वाचायच्या टूलमध्ये, उघडून बसलोय, पण कुठे बघायचं तेच कळत नाही.

हेक्सडंप

आयपीएल (पूर्ण सिस्टिम रीस्टार्ट) करून टाक. बरं होईल. आमच्याकडे अशा वेळी तेच करतात, कारण नंतर शोधू म्हणतात आणि मग कुणी शोधत नाही.

जुना_कन्सोल

आयपीएलने बरं होईल हे खरं आहे. आणि का बरं झालं हे कळलं नाही, तर दोन महिन्यांनी परत होईल हेही खरं आहे.

रात्रपाळी, डंप बंद कर. त्यात काही नाही. उत्तर तुझ्याच प्रश्नात आहे: स्टेपलिबने चालतं, लिंकलिस्टने नाही. डेटासेट तोच, डिस्क तीच, मेंबर तेच. फरक एवढाच की स्टेपलिब जॉब सुरू होताना उघडली जाते आणि लिंकलिस्ट उघडली गेली आयपीएलच्या वेळी. उघडताना सिस्टिम त्या लायब्ररीचे एक्स्टेंट (सलग तुकडे) डिस्कवर कुठून कुठपर्यंत आहेत ते डेब नावाच्या मेमरीतल्या नोंदीत लिहून घेते. लिंकलिस्टचा तो डेब नंतर कुणी दुरुस्त करत नाही. लायब्ररी मध्येच वाढली, नवा एक्स्टेंट घेतला, तर लिंकलिस्टच्या लेखी तो एक्स्टेंट अस्तित्वातच नाही.

डिरेक्टरी मात्र पीडीएसच्या अगदी सुरुवातीला, पहिल्या एक्स्टेंटमध्ये असते. म्हणून मेंबर सापडतं. त्याचा पत्ता, म्हणजे टीटीआर, नव्या एक्स्टेंटमधला निघतो, फेच (मॉड्यूल मेमरीत आणणारा भाग) तिकडे वाचायला जातो, डेबमध्ये तो ट्रॅक नाही, झाला आय/ओ एरर. डिस्क बिचारी निर्दोष.

खात्री करायची असेल तर दोन गोष्टी बघ. ३.४ मध्ये लायब्ररीसमोर आय टाक आणि ॲलोकेटेड एक्स्टेंट किती ते वाच. मग मेंबर लिस्ट उघड. लोड लायब्ररी असेल तर त्यात टीटीआरचा रकाना असतो. त्यातले पहिले चार हेक्स अंक म्हणजे लायब्ररीच्या सुरुवातीपासूनचा ट्रॅक नंबर. ३३९० ला एका सिलिंडरमध्ये १५ ट्रॅक. प्रायमरी (सुरुवातीची जागा) किती सिलिंडर आहे ते कळव, बाकीचं गणित तूच कर.

आणि दुसऱ्या एलपारवर "चालतंय" म्हणतोस, तिथे एलएलए रिफ्रेश दिला होतास का? उत्तर देण्याआधी तिथल्या जॉबचा आउटपुट नीट बघ.

रात्रपाळी

एक्स्टेंट २. प्रायमरी ३० सिलिंडर, सेकंडरी (भरल्यावर मिळणारी वाढीव जागा) ५. म्हणजे पहिल्या एक्स्टेंटमध्ये ४५० ट्रॅक, ० ते ४४९. माझ्या मेंबरचा टीटीआर ०१सी५०३. हेक्स १सी५ म्हणजे ४५३. सरळ दुसऱ्या एक्स्टेंटमधला चौथा ट्रॅक. आयपीएल दीड महिन्यापूर्वी झालं, तेव्हा लायब्ररी एकाच एक्स्टेंटमध्ये असणार.

आणि दुसरा एलपार... तिथे रिफ्रेश दिलाच नव्हता. आमची सबरूटीन पहिल्या ओळीत स्वतःची कंपाइल तारीख छापते. तिथे जुनी तारीख आहे. म्हणजे "चालतंय" ते जुनंच मॉड्यूल होतं, आणि मी रात्रभर सगळ्यांना सांगत होतो की तिकडे नवीन कोड पास झाला.

जुना_कन्सोल

हे मी पण केलंय, लाजू नकोस. एलएलए डिरेक्टरी स्वतःच्या ॲड्रेस स्पेसमध्ये (प्रत्येक चालू कामाची वेगळी मेमरी) ठेवतो आणि लिंकलिस्टच्या लायब्ररींसाठी तीच प्रमाण मानतो. रिफ्रेश येईपर्यंत त्याच्या लेखी जुना टीटीआर हाच पत्ता. जुनी प्रत पहिल्या एक्स्टेंटमध्ये अजून पडून आहेच, कारण पीडीएस मेंबर बदललं तरी जुनी जागा पुसत नाही, कॉम्प्रेस (मधली वाया गेलेली जागा काढून मेंबर सलग लावणं) होईपर्यंत. म्हणून दुसरीकडे सगळं सुखरूप. इथे तू रिफ्रेश दिलास, एलएलएने नवा पत्ता उचलला आणि जॉब खड्ड्यात गेला. रिफ्रेश प्रत्येक सिस्टिमवर वेगळा द्यावा लागतो; सिसप्लेक्स (जोडलेल्या सिस्टिम्सचा गट) असेल तर राउट स्टार-ऑलने एकदम पाठव. पण आत्ता तिकडे पाठवू नकोस, नाहीतर दोन्हीकडे पडेल.

आता दुरुस्ती. आयपीएलशिवाय होते. लिंकलिस्टचा नवा संच बनवायचा आणि तो चालू करायचा; चालू करताना लायब्ररी नव्याने उघडल्या जातात, डेब नवा बनतो. कमांड इथे देवनागरीत लिहितोय, कन्सोलवर अर्थातच रोमन:

सेटप्रॉग एलएनकेएलएसटी,डिफाइन,नेम=नवा१,कॉपीफ्रॉम=करंट
सेटप्रॉग एलएनकेएलएसटी,ॲक्टिव्हेट,नेम=नवा१

मध्ये टेस्टची कमांड आहे, नेम आणि मॉडनेम देऊन. मॉड्यूल संचातल्या कोणत्या लायब्ररीतून उचललं जाईल ते ती सांगते. चालू करण्याआधी ती मार. एकाच नावाचं मॉड्यूल दोन लायब्ररींत असणं हा वेगळा रोग आहे, आणि तो याच कमांडने सापडतो.

ॲक्टिव्हेटनंतर सुरू होणारे जॉब नवा संच घेतील. आधीपासून चालू असलेले जुन्यावरच राहतात. त्यांना हलवायला अपडेट आहे, जॉब=स्टार. ती कमांड मी दिवसाढवळ्या मारत नाही. चालू ॲड्रेस स्पेसचा लिंकलिस्ट पायाखालून काढून घेतल्यावर, नेमक्या त्या क्षणी एखादा मॉड्यूल आणत असेल तर काय होईल याची हमी नाही. जी ॲड्रेस स्पेस बंद-चालू करता येते तिला बंद-चालू कर, बाकीच्यांना पुढच्या आयपीएलपर्यंत राहू दे.

हे झालं आजच्यापुरतं. मूळ दुखणं सेकंडरी ५ हे आहे. लिंकलिस्टमधल्या पीडीएसला सेकंडरी शून्य ठेवायची. भरली की लिंक-एडिटच एसडी३७ ने पडेल, तेही जो लिंक करतोय त्याच्या तोंडावर, दिवसा. आत्ता काय झालं? लिंक शून्याने पास झाली आणि पडला रात्रीचा बॅच.

हेक्सडंप

मग कॉम्प्रेसच करून टाकली असती की. पाच सिलिंडर कचरा निघाला असता, मेंबर पहिल्या एक्स्टेंटमध्ये आलं असतं.

जुना_कन्सोल

थांबा. हे वाचून कुणी आज रात्री करायचं म्हणून लिहितो.

मी एका मोठ्या साइटवर असताना, १९९८ मध्ये, एका व्हेंडरच्या लायब्ररीचं असंच पोट फुगलं होतं. तीही लिंकलिस्टमध्ये. आयईबीकॉपीचा (लायब्ररी कॉपी आणि कॉम्प्रेस करणारा प्रोग्राम) जॉब डिस्प=ओल्डने, म्हणजे डेटासेट एकट्यासाठी मागून, टाकला, तो आयईएफ८६१आय देऊन थांबून राहिला, डेटासेट उपलब्ध नाही. डी जीआरएस कमांडने एन्क (डेटासेटवरचं कुलूप) धरणारी नावं बघितली, त्यात एलएलए. मला वाटलं काय कटकट आहे. डिस्प=शेअर केलं, जॉब लगेच चालला, कॉम्प्रेस झाली, रिटर्न कोड शून्य. मी चहा आणायला उठलो.

परत आलो तेव्हा टीएसओवर (टर्मिनलवरून काम करायची सोय) नवीन लॉगऑन होत नव्हतं. व्हेंडरचं एक मॉड्यूल लॉगऑन प्रोसीजरमधून बोलावलं जायचं. कॉम्प्रेसने प्रत्येक मेंबर सरकवलं होतं, एलएलएकडे मात्र जुने टीटीआर. जुन्या पत्त्यावर आता दुसऱ्याच मेंबरचा मधला तुकडा. कुठे एस१०६, कुठे एस०सी१, आणि एक जॉब तर न पडता चुकीचंच काहीतरी करत होता, तो सगळ्यात वाईट. माझं स्वतःचं सेशन चालू होतं म्हणून वाचलो. रिफ्रेश दिला, दोन मिनिटांत शांत. पण त्या दोन मिनिटांआधीची पंचवीस मिनिटं मला अजून आठवतात.

एन्क तिथे तुम्हाला अडवायला असतं. ओल्डचं शेअर करणं म्हणजे "मला माहीत आहे मी काय करतोय" अशी सही करणं. मला माहीत नव्हतं.

जागाच हवी असेल तर वेगळ्या नावाची मोठी लायब्ररी बनवा, आयईबीकॉपीने सगळं तिच्यात घ्या, नव्या संचात जुनी डिलीट आणि नवी ॲड करा, मग ॲक्टिव्हेट. जुनीला हात लावायचा नाही.

एपीएफ_पहारेकरी

जुन्या_कन्सोलने सगळं सांगितलंच आहे, पण स्टेपलिबबद्दल एक. तात्पुरती म्हणून घातलेली स्टेपलिब वर्षानुवर्षं राहते. लिंकलिस्टमधून येणारी लायब्ररी डीफॉल्टने ऑथराइज्ड (सिस्टिमचे खास अधिकार असलेली) मानली जाते. तीच स्टेपलिबमधून घेतली की एपीएफ यादीत (ऑथराइज्ड लायब्ररींची यादी) नाव असावं लागतं, आणि स्टेपलिबमध्ये जोडलेल्या सगळ्यांचं असावं लागतं. एक जरी बाहेरची निघाली तर पूर्ण साखळीची ऑथोरिटी जाते. रात्रपाळी, तुझी सबरूटीन साध्या बॅचची असेल तर फरक पडणार नाही. पण ज्या जॉबना ऑथोरिटी लागते त्यांना एस०४७ येऊ शकतो, आणि मग तू परत एक रात्र जागशील.

रात्रपाळी

झालं. नवी पीडीएस नाही, पीडीएसईच (पीडीएसचा नवा प्रकार) बनवली. तसंही कोबोल ५ पासून एक्झिक्युटेबल पीडीएसईमध्येच लागतात, आणि आम्हाला या वर्षी ४ वरून ६ वर जायचंच आहे. नवा संच, जुनी डिलीट, नवी ॲड, टेस्टने मॉड्यूल नव्या लायब्ररीतून येतंय हे बघितलं, ॲक्टिव्हेट. स्टेपलिब काढून जॉब चालवला: नवी तारीख छापली. मग दुसऱ्या एलपारवर तेच. तिथेही नवी तारीख, या वेळी खरोखर.

सेकंडरी ५ कुणी दिली होती ते शोधायला गेलो. जुन्या जेसीएलमधून चिकटवलेलं होतं, त्यावर माझंच नाव आहे. असो.

दोन प्रश्न राहिलेत. डी प्रॉग,एलएनकेएलएसटी,युजर्स,नॉटकरंट दिलं तर जुन्या संचावर अजून चार ॲड्रेस स्पेस दिसतायत. एक मॉनिटर, एक शेड्युलर, दोन सीआयसीएस (ऑनलाइन व्यवहार चालवणारी सिस्टिम). चालेल का? आणि हे सगळं आयपीएलनंतर टिकेल का?

जुना_कन्सोल

चालेल. ते लोक जुन्या लायब्ररीतून जे आणतायत ते पहिल्या एक्स्टेंटमधलं असेल तोवर त्यांना काही होणार नाही. फक्त तुझी नवी सबरूटीन त्या सीआयसीएसमध्ये वापरत असतील तर त्या रीजन बदलाच्या वेळेत बंद-चालू कर. आणि एक जरी युजर उरला असेल तोवर जुना संच अनडिफाइन होत नाही, जुन्या लायब्ररीवरचं एन्कही सुटत नाही. तेव्हा ती डिलीट करायची घाई नको.

आयपीएलनंतर टिकणार नाही. सेटप्रॉग फक्त मेमरीत असतं. पार्मलिबमधल्या (सिस्टिमच्या सेटिंगची लायब्ररी) प्रॉगएक्सएक्समध्ये जुनं नाव काढून नवं घाल, आत्ताच. नवी लायब्ररी मास्टर कॅटलॉगमध्ये आहे की युजर कॅटलॉगमध्ये (कॅटलॉग म्हणजे डेटासेट कुठल्या डिस्कवर आहे याची नोंद)? युजरमध्ये असेल तर त्या ओळीत व्हॉल्यूम (डिस्कचं नाव) पण द्यावा लागेल. लिंकलिस्ट बनतो तेव्हा युजर कॅटलॉगपर्यंत सिस्टिम पोचलेली नसते.

रात्रपाळी

युजर कॅटलॉगमध्ये. व्हॉल्यूम घातला नव्हता. घालतो.