इन्व्हर्टरच्या बॅटरीतला एक कप्पा पाणीच पीत नाही : मदत हवी आहे

नमस्कार. मी ठाण्यात, कळव्याला चौथ्या मजल्यावर राहतो. चार वर्षांपूर्वी घेतलेली १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी आम्ही काचा लावून बंदिस्त केलेल्या गॅलरीत ठेवली आहे. त्या गॅलरीला लागूनच्या खोलीत आई झोपते, म्हणून हा प्रश्न लांबणीवर टाकण्याची माझी तयारी नाही.

गेले काही महिने सहापैकी पाच कप्प्यांचे तरंगते दर्शक भराभर खाली जाऊ लागले आणि दर तीन आठवड्यांनी डिस्टिल्ड वॉटर घालावे लागू लागले. तिसऱ्या कप्प्याची पातळी मात्र जागची हलली नाही. तेवढा एकच कप्पा ठणठणीत आहे, अशी माझी समजूत होती. परवा रात्री चार्जिंग चालू असताना कुजलेल्या अंड्यासारखा वास आला आणि बॅटरीची बाजू हाताला चांगलीच गरम लागली. गॅलरीतल्या कोणत्याही स्विचला हात न लावता दाराजवळच्या एमसीबीवरून वीज बंद केली, खिडक्या उघडल्या आणि वास गेल्यावरच इन्व्हर्टर बंद केला.

दुसऱ्या दिवशी हायड्रोमीटरने (अ‍ॅसिडचे पाणी किती दाट आहे हे दाखवणाऱ्या नळीने) पाहिले, तेव्हा पाच कप्प्यांत विशिष्ट गुरुत्व १.२४० च्या आसपास, तर तिसऱ्यात जेमतेम १.११० भरले. मल्टिमीटर १०.६ व्होल्ट दाखवतो. दुकानातून आलेल्या माणसाचे म्हणणे असे की, तिसऱ्या कप्प्यात अ‍ॅसिड घातले की बॅटरी आणखी वर्षभर चालेल. मला ते पटले नाही, कारण चार्जिंगमध्ये पाणी कमी होते, अ‍ॅसिड नव्हे, आणि त्या कप्प्यातून काही सांडलेलेही नाही. बॅटरी खरोखर निकामी झाली आहे का, आणि नवी येईपर्यंत ती जोडलेली ठेवणे कितपत सुरक्षित आहे?

प्रतिसाद :

आपली शंका रास्त आहे. चांगल्या बॅटरीत प्रत्येक कप्पा सुमारे २.१ व्होल्ट देतो, म्हणजे सहांचे मिळून सुमारे १२.६. आपल्याकडे जवळजवळ एका कप्प्याइतकेच व्होल्ट कमी पडत आहेत, म्हणजे तिसरा कप्पा आतून शॉर्ट झाला आहे. तो चार्जच होत नाही, म्हणून त्यात बुडबुडे येत नाहीत आणि पाणीही उडत नाही. चार्जर मात्र सहा कप्पे गृहीत धरून दाब देत राहतो आणि उरलेले पाच जण त्या ओव्हरचार्जिंगने तापतात. अ‍ॅसिड घातल्याने हायड्रोमीटरचा आकडा सुधारेल, प्लेटांमधला शॉर्ट सुटणार नाही.

आता ती एकदाही चार्ज करू नका. आपल्याला आलेला वास हायड्रोजन सल्फाइडचा, आणि तो विषारी असतो; त्याच्यासोबत निघणाऱ्या हायड्रोजनला वासच नसतो आणि हवेत त्याचे प्रमाण ४ टक्के झाले तरी ठिणगीने स्फोट होऊ शकतो. सोडवताना अंगठी-घड्याळ काढून ठेवा, पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा, रबरी हातमोजे आणि चष्मा घाला आणि आधी निगेटिव्ह तार काढा. टर्मिनलवरची पांढरी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसा, पण ते पाणी कप्प्यात जाऊ देऊ नका. डोळ्यांत थेंब गेलाच तर सोडा नको. किमान पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली डोळा धरून लगेच डॉक्टरांकडे जा.

अ‍ॅसिड मोरीत ओतून वजन हलके करण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. नवी घेताना दुकानदार जुनी बॅटरी भरलेल्या स्थितीतच परत घेतो आणि किमतीत सूटही देतो. पन्नास-साठ किलोंचे हे धूड दोघांनी उभेच धरून लिफ्टने उतरवावे. जिन्यात ते कलंडायला वेळ लागत नाही.