विंडोज ११: चॅट अ‍ॅपचा आयकॉन दर अपडेटनंतर बाणामागे लपतो

प्रश्न
ऑफिसच्या पीसींवर चॅट अ‍ॅपचा आयकॉन घड्याळाशेजारी कायम दिसावा, म्हणून सेटिंग्जमध्ये चालू करून ठेवला. अ‍ॅप अपडेट झालं की तो परत घड्याळाजवळच्या बाणाच्या आत. दोष कोणाचा? आणि आयकॉन बाहेर राहील अशी सोय अ‍ॅपलाच करता येत नाही का?

उत्तर १
नाही. नवा आयकॉन आत टाकायचा, हे विंडोज ७ पासूनचं धोरण आहे. तो बाहेर काढणं वापरणाऱ्याच्या हाती; अ‍ॅपला तशी मुभा मुद्दामच दिलेली नाही, आणि ते बरंच आहे. नाहीतर प्रिंटरपासून सगळे घड्याळाशेजारी येऊन बसले असते.

अपडेटचं कारण वेगळं. अ‍ॅपने स्वतःची जीयूआयडी (आयकॉनचा वेगळा ओळखक्रमांक) दिली नसेल, तर आयकॉनची ओळख ईएक्सई फाइलच्या, म्हणजे प्रोग्रॅम चालवणाऱ्या फाइलच्या, पूर्ण पाथवरून (पत्त्यावरून) ठरते. काही इन्स्टॉलर प्रत्येक व्हर्जनला नवं फोल्डर करतात: अ‍ॅप-१.४.०, मग अ‍ॅप-१.४.१. पाथ बदलला की आयकॉन नवखा. पर्सनलायझेशन > टास्कबार > अदर सिस्टिम ट्रे आयकॉन्स इथे एकाच नावाच्या दोन-तीन ओळी असतील तर हाच प्रकार. त्यातली जुनी ओळ चालू करून उपयोग शून्य.

उत्तर २
बरेच पीसी असतील तर रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जचा साठा, बघा. एचकेसीयूमध्ये (चालू युजरच्या विभागात) कंट्रोल पॅनल, त्याखाली नोटिफायआयकॉनसेटिंग्ज. आत आकडी नावांच्या कीज (फोल्डरसारख्या नोंदी) आहेत. प्रत्येकीतला एक्झिक्युटेबलपाथ वाचा, चालू व्हर्जनचा सापडला की इझप्रमोटेड हा डीवर्ड (आकडी मूल्य) १ करा. हे लॉगिनच्या वेळी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टने करायचं तर तिच्यात पाथचा शेवटचा भाग, म्हणजे फक्त फाइलचं नाव, जुळवा; व्हर्जन बदललं तरी चालेल. ही की अ‍ॅपने एकदा आयकॉन दाखवल्यावरच तयार होते, त्यामुळे अपडेटनंतरच्या पहिल्या लॉगिनला स्क्रिप्टला काहीच न सापडण्याची शक्यता आहे.

उत्तर ३
निरोप आल्याचं कळणं एवढंच हवं असेल तर ट्रेच्या (घड्याळाशेजारच्या आयकॉनांच्या) नादी कशाला लागता? टास्कबार बिहेवियर्समध्ये 'शो बॅजेस ऑन टास्कबार अ‍ॅप्स' चालू ठेवा; मग टास्कबारवरच्या आयकॉनवर न वाचलेल्या निरोपांची खूण (बॅज) दिसते. मात्र फुली मारल्यावर अ‍ॅप ट्रेमध्ये जात असेल तर खिडकीच उरत नाही आणि बॅजही जातो. म्हणून अ‍ॅपमधलं 'क्लोज टू ट्रे' बंद करा, खिडकी मिनिमाइझ करत जा. फोकस सेशनमध्ये (विंडोजच्या एकाग्रतेच्या मोडमध्ये) बॅज लपवायचा वेगळा पर्याय आहे, तोही तपासा.

टेलिग्राम असेल तर बॅजवरचा आकडा फुगलेला दिसू शकतो. नोटिफिकेशन्समधल्या बॅज काउंटरखाली म्यूट केलेले ग्रुप मोजणं बंद करता येतं.